एक लाइट, एक चेहरा: स्टुडिओ पोर्ट्रेटची प्रकाशयोजना शिकताना

स्टुडिओ पोर्ट्रेट शिकायला निघालेला माणूस बहुतेक वेळा तीन लाइटचा सेट आणतो, तिन्ही एकदम लावतो आणि चेहरा सपाट का आला या कोड्यात पडतो. तीन बाजूंनी उजेड आला की नाकाची, गालाची, हनुवटीची सावली पुसली जाते, आणि चेहऱ्याला उठाव देतात त्या सावल्याच. म्हणून या लेखातलं जवळजवळ सगळं काम एकाच लाइटवर आहे. लाइट कुठे ठेवला की सावली कुठे पडते हे न मोजता दिसू लागेपर्यंत दुसऱ्या लाइटला हात लावू नका, असा माझा आग्रह आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा फोटोसाठी विजेचे दिवे नव्हते. त्या पिढीतले स्टुडिओ छताला आणि भिंतीला काचा बसवून दिवसाच्या उजेडावर काम करत. उत्तरेकडचा उजेड त्यांना आवडे, कारण त्या बाजूने थेट ऊन फारसं आत येत नाही. मोठा, मऊ, एकाच दिशेने येणारा उजेड. तुमचा पहिला धडाही तोच असू द्या, आणि तोही कॅमेऱ्याशिवाय.

ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी कुणालातरी स्टुलावर बसवा आणि घरातले सगळे दिवे बंद करा. आता त्या व्यक्तीला हळूहळू फिरायला सांगा: आधी तोंड खिडकीकडे, मग तिरपं, मग खिडकी पूर्ण एका बाजूला. प्रत्येक वेळी फक्त नाकाच्या सावलीकडे बघा. ती कुठे सुरू होते, कुठे संपते, तिची कड धारदार आहे की विरघळत गेली आहे. पुढे फ्लॅश लावून आपण जे करणार आहोत ते हेच आहे. फरक एवढाच, की तिथे माणूस जागेवर बसतो आणि खिडकी आपण हलवतो.

खोली आणि सामान

दहा बाय बाराची खोली पुरते. तिच्या भिंतींकडे मात्र नीट बघा. पांढरी भिंत फ्लॅशचा उजेड परत फेकते आणि जी सावली तुम्ही मुद्दाम तयार केली ती भरून टाकते. रंगीत भिंत तर गालावर रंग चढवते. पोपटी भिंतीशेजारी काढलेल्या फोटोत त्या बाजूचा जबडा हिरवट येतो आणि तो नंतर संगणकावर काढणं फार किचकट. अशा भिंतीपुढे काळं कापड सोडा. ट्यूबलाइट बंद, पडदे ओढलेले. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, घरातला पिवळा दिवा ३००० च्या आसपासचा. दोन्ही एकत्र आले की त्वचेचा कोणताच रंग खरा राहत नाही.

सामानात २०० ते ३०० वॅट-सेकंदाचा एक स्टुडिओ फ्लॅश, मजबूत स्टँड, वायरलेस ट्रिगर (कॅमेऱ्याचं बटण दाबताच फ्लॅश उडवणारं छोटं यंत्र) आणि ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशपुढे लावायची पांढऱ्या कापडाची पेटी. एवढ्यावर बरेच महिने शिकता येतं. सॉफ्टबॉक्स परवडत नसेल तर पांढरी छत्री घ्या. ती स्वस्त असते, पण उजेड खोलीभर सांडते. फ्लॅशमध्ये मॉडेलिंग लॅम्प आहे ना, हे घेतानाच बघा. सतत जळणाऱ्या त्या छोट्या दिव्यामुळे सावली कुठे पडणार ते फोटो काढण्याआधीच कळतं. यात भर म्हणून थर्माकोलचा एक मोठा पांढरा तक्ता आणि तेवढंच काळं कापड.

एलइडी लाइटवर शिकायलाही हरकत नाही, कारण दिसतं तेच फोटोत येतं. सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो याचा आकडा) ९५ किंवा त्याहून जास्त असलेलाच घ्या, नाहीतर त्वचा मेणचट येते. स्वस्त एलइडी विजेच्या ५० हर्ट्झबरोबर लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की ते बहुधा जातात.

स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय त्याखाली कुणालाही बसवू नका. वायर जमिनीला टेपने चिकटवा. हे मी सूचना म्हणून नाही, अट म्हणून सांगतो आहे. लहान मूल स्टुडिओत येतं तेव्हा ते आधी वायरच ओढतं. आणि फ्लॅश बिघडला तर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब राहू शकतो.

कॅमेरा

मोड मॅन्युअल. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ किंवा १/१६०, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स, क्रॉप (लहान) सेन्सरवर ५० ची. माणसापासून पाच-सहा फूट लांब उभे राहा. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलं की नाक पुढे येतं आणि कान मागे जातात.

आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा यायला हवा. काही दिसत असेल तर खोलीतला उजेड फोटोत घुसतो आहे, तो आधी थांबवा. मग फ्लॅश चालू करा.

फ्लॅश क्षणार्धात उजळून विझतो, म्हणून शटरचा वेग कमी-जास्त केल्याने त्याचा उजेड फोटोत कमी-जास्त होत नाही. तो बदलतो अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि अंतर या चार गोष्टींनी. शटर मात्र कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वांत जलद वेगाच्या, वर न्यायचं नाही. ती बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० च्या आसपास असते. ओलांडली की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे रंग खरे यावेत म्हणून, पहिल्याच फोटोत त्या व्यक्तीच्या हातात ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी छटेचा पुठ्ठा) द्या.

अंतर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

उजेड मऊ की कडक, हे फ्लॅशच्या किमतीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर तो उजेड किती मोठा दिसतो, यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब की आपल्याला तो लहानसा दिसतो, म्हणून उन्हातली सावली सुरीसारखी कापलेली. पावसाळ्यात ढग भरून आले की सगळं आकाशच दिवा होतं आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. तुमचा सॉफ्टबॉक्सही असाच वागतो. एक मीटरवर असताना तो मऊ. तीन मीटरवर नेला की तोच सॉफ्टबॉक्स कडक. सुरुवातीला सॉफ्टबॉक्सच्या कर्णाएवढं अंतर ठेवा. ६० बाय ९० चा कर्ण साधारण १०८ सेंटिमीटर, म्हणजे चेहऱ्यापासून साडेतीन फूट. नवख्यांना हे फार जवळ वाटतं. सॉफ्टबॉक्सची कड फ्रेममध्ये डोकावेपर्यंत पुढे आणा आणि मग जेमतेम बाहेर सरकवा.

अंतराचा दुसरा परिणाम याहून उपयोगी आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. समजा लाइट चेहऱ्यापासून एक मीटरवर आहे आणि मागची भिंत लाइटपासून दोन मीटरवर. भिंत चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉप गडद येईल. माणसाला पुढे आणून भिंत लाइटपासून चार मीटरवर गेली, तर तिच्यावर सोळावा हिस्सा उजेड पडेल आणि पांढरी भिंत गडद राखाडी दिसेल. म्हणजे एका पांढऱ्या भिंतीतून, नवा पडदा न आणता, फिकट राखाडीपासून जवळपास काळ्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात. शुद्ध पांढरी भिंत हवी असेल तेव्हा मात्र तिच्यावर वेगळा लाइट लागतो, चेहऱ्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त. त्याहून वाढवला तर मागून उजेड पसरून केसांची कड खाऊन टाकतो.

हा प्रयोग वाचून सोडू नका. माणूस, कॅमेरा आणि लाइट यांच्यातलं अंतर बदलत, दर वेळी चेहऱ्याचा उजेड सारखा राहील अशी फ्लॅशची ताकद जुळवत, फोटोंची एक मालिका काढा आणि शेजारी-शेजारी लावून बघा.

लाइट फिरवताना

लाइट कॅमेऱ्याच्या बरोब्बर वर, डोळ्यांपेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवा आणि खाली झुकवा. नाकाखाली छोटी, दोन्ही बाजूंनी सारखी सावली पडेल. हिला बटरफ्लाय म्हणतात. १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओने मार्लीन डीट्रिखसारख्या नट्यांसाठी ती इतकी वापरली की पॅरामाउंट लायटिंग हेही तिचं नाव पडलं. गालाची हाडं वर असलेल्या चेहऱ्याला ती खुलून दिसते. गुबगुबीत चेहऱ्याला ती आणखी गोल करते.

तिथून लाइट एका बाजूला तीस-चाळीस अंश न्या. नाकाची सावली तिरपी होऊन ओठाच्या कोपऱ्याकडे झुकेल, पण गालाच्या सावलीला टेकणार नाही. हे लूप. कुणाचा चेहरा कसा आहे याचा अंदाज नसेल तर इथून सुरुवात करा. दहापैकी आठ जणांना हीच जागा चालते असं माझं मत आहे.

आणखी पुढे नेलात की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांवरून तिला रेम्ब्रांट म्हणतात. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको, नाकापेक्षा लांब नको, आणि त्या बाजूच्या डोळ्यात चमक हवी. चमक नसेल तर तो डोळा मेल्यासारखा दिसतो. लाइट किंचित खाली घ्या किंवा चेहरा लाइटकडे थोडा वळवा. पूर्ण ९० अंशांवर गेलात की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. ते स्प्लिट. कलावंताच्या, पैलवानाच्या पोर्ट्रेटला ते शोभतं, पासबुकावरच्या फोटोला नाही.

नावं पाठ करण्यात अर्थ नाही. दोन फोटोंमध्ये एका वितीचा फरक असतो, आणि तुमच्यासमोरचं नाक ठरवतं की लूप कुठे संपून रेम्ब्रांट सुरू होणार.

उंचीसाठी डोळ्यांतली चमक बघत राहा. बुबुळ म्हणजे घड्याळ धरलं तर ती दहा किंवा दोनच्या जागी हवी. ती भुवईखाली हरवली तर लाइट फार वर गेला. खोल डोळ्यांच्या माणसांना लाइट नेहमीपेक्षा खाली लागतो.

खालून येणारा उजेड चेहरा भेसूर करतो, असं सरसकट सांगितलं जातं. सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र एकदा या दृष्टीने निरखा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि तो उजेड खालून चेहऱ्यावर. तरीही चेहरा शांत आणि सुंदर, कारण उजेड मंद आहे, चेहऱ्याच्या पुढून येतो आहे आणि तो कुठून येतो हे चित्रातच दिसतं. एकाच दिव्यात किती होऊ शकतं हे शिकायला मला याहून चांगलं मराठी उदाहरण माहीत नाही.

आता माणूस तसाच बसलेला असताना त्याला चेहरा थोडा एका बाजूला वळवायला सांगा. कॅमेऱ्याला एक गाल जास्त दिसतो, दुसरा कमी. लाइट कमी दिसणाऱ्या गालाच्या बाजूने आला तर चेहरा निमुळता वाटतो, जास्त दिसणाऱ्या गालावर आला तर रुंद. फार बारीक चेहऱ्यांना ही दुसरी पद्धत भरदारपणा देते.

सावली फार काळी वाटली तर दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा करा. दोन फुटांवर ठेवला की सावली चांगली उजळते, पाच फुटांवर जेमतेम. थर्माकोलच्या जागी काळं कापड धरलं तर सावली आणखी गडद होते, आणि पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत बहुतेक वेळा या काळ्या कापडाचीच गरज पडते.

आपले रंग, आपले दागिने

“जरा गोरा येऊ दे” ही मागणी तुमच्याकडे येणार. ती पुरी करायला एक्सपोजर (फोटोत घेतलेला एकूण उजेड) वाढवलं की सावळ्या चेहऱ्यावरचे बारकावे जातात, कपाळावर पांढरे डाग पडतात आणि समोरचा माणूस स्वतःसारखा दिसत नाही. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप इथे मदत करत नाही, कारण ते प्रत्येक चेहऱ्याला मधल्या राखाडी छटेवर आणायला बघतं. गडद त्वचेला फार उजळ करतं, गोऱ्या त्वचेला मळवतं. म्हणून चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजा, चेहऱ्यावरून परतणारा नको. लाइट मीटर असेल तर त्याची पांढरी गोळी हनुवटीपाशी, लाइटकडे तोंड करून धरा. नसेल तर ग्रे कार्डावर एक्सपोजर ठरवा आणि चेहरा जसा येईल तसा येऊ द्या.

सावळी त्वचा सावलीपेक्षा तिच्यावरच्या चकाकीतून आकार दाखवते. गालफडावरची, नाकाच्या दांड्यावरची, गळ्याच्या हाडावरची ती लांबट, मऊ चमक मोठ्या सॉफ्टबॉक्सने आणि किंचित बाजूच्या उजेडाने येते. छोट्या, कडक लाइटने तिचा पांढरा ठिपका होतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कपाळावर घाम येतोच. टिश्यूने टिपा, पुसू नका. पावडरचा थर मात्र टाळा, ती चकाकीच मारून टाकते. मेहनत घेऊन काढलेलं सावळ्या चेहऱ्याचं पोर्ट्रेट इतकं देखणं येतं की ते समोर ठेवल्यावर गोरेपणाची मागणी बहुधा पुन्हा होत नाही.

सोनं स्वतः उजळत नाही, आजूबाजूचं दाखवतं. काळ्या कापडांनी वेढलेल्या स्टुडिओत ठुशी आणि कोल्हापुरी साज म्हणूनच काळपट येतात. त्यांना बघायला काहीतरी पांढरं द्या: थर्माकोल छातीच्या खाली, फ्रेमच्या बाहेर आडवा धरा. नथ डाव्या नाकपुडीत असते. लाइट डावीकडून, उंचावरून आला की मोत्यांची सावली ओठांवर पडते. अशा वेळी लाइट थोडा समोर आणा किंवा बाजू बदला. पैठणीची जर मात्र तिरप्या उजेडातच जागी होते, समोरच्या उजेडात ती पिवळा पट्टा होऊन बसते. चेहरा आणि पदर यांत ओढाताण झाली तर चेहऱ्याच्या बाजूने निर्णय घ्या.

गांधी टोपी, पांढरा सदरा आणि सावळा चेहरा हे एकत्र आलं की पांढरं आधी फुटतं. कॅमेऱ्यात जास्त उजळ भाग लुकलुकवणारी सूचना चालू ठेवा. मग सॉफ्टबॉक्स किंचित पुढे वळवा, असा की त्याचा मधला जोर माणसासमोरून निघून जाईल आणि चेहऱ्यावर फक्त कडेचा उजेड येईल. याला फेदरिंग म्हणतात. सदऱ्यावरचा जोर कमी होतो, चेहराही मऊ राहतो.

चष्म्यातला सॉफ्टबॉक्स घालवायचा तर लाइट वर आणि बाजूला न्या, हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगा. तरीही राहिला तर चष्म्याच्या काड्या कानामागे अर्धा सेंटिमीटर उचला. काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब फ्रेमबाहेर जातं. चष्मा काढायला सांगू नका. जो माणूस चाळीस वर्षं चष्मा लावतो, त्याचा चेहरा चष्म्यासकटच असतो.

दुसरा लाइट केव्हा

काळे केस काळ्या पडद्यात मिसळून डोक्याचा आकारच हरवतो, तेव्हा दुसऱ्या लाइटची खरी गरज लागते. तो मागून, उंचावरून, एका बाजूने केसांवर द्या. पुढे ग्रिड (उजेड एका दिशेला आवरणारी जाळी) लावा, म्हणजे उजेड खांद्यावर आणि नाकाच्या शेंड्यावर सांडणार नाही. लेन्समध्ये शिरत असेल तर मध्ये काळा पुठ्ठा धरा. ताकद मुख्य लाइटपेक्षा एक स्टॉप कमी ठेवून सुरू करा. तेल लावलेल्या केसांना आणखी कमी पुरते. जुळवताना मुख्य लाइट बंद ठेवून फक्त या लाइटचा एक फोटो काढा, म्हणजे तो नेमकं काय करतो ते स्वच्छ दिसतं.

दोघांचं पोर्ट्रेट आलं की लोक लगेच दोन लाइट लावतात आणि दोन्ही नाकांना दुहेरी सावल्या येतात. त्याऐवजी एकच लाइट मागे न्या. पहिला माणूस लाइटपासून एक मीटरवर आणि दुसरा दीड मीटरवर असेल तर दोघांत एका स्टॉपहून जास्त फरक पडतो. तोच लाइट मागे नेऊन पहिला तीन मीटरवर आणि दुसरा साडेतीनवर आला, तर फरक अर्ध्या स्टॉपच्या आत येतो. लांब गेल्यामुळे उजेड कडक होतो, म्हणून इथे सॉफ्टबॉक्स काढून मोठी छत्री लावा, फ्लॅशची ताकद वाढवा, आणि दोघांपैकी ज्याचा रंग अधिक सावळा त्याला लाइटच्या बाजूला बसवा.